मारणारा हात आणि बालकाचा ताबा

अहमदनगर शहराच्या उत्तरेस, मनमाडकडे जाणाऱ्या हमरस्त्यालगत नागापूर नांवाचें गांव आहे. एके काळीं शेतीवर जगणारें हें गांव औद्योगिक वसाहतीच्या शेजारामुळें पार बदलून गेलें. कारखान्यांत कामाला आलेलीं कुटुंबें येथें भाड्याच्या खोल्यांतून राहूं लागलीं. जिल्ह्याचें नांवही आतां अहिल्यानगर झालें आहे. अशा वस्तींतील एका घराचें चित्र क्षणभर डोळ्यांपुढें आणावें. चित्र कल्पनेंतलें आहे, पण अपरिचित नाहीं. नवरा कामावर चोख, शेजाऱ्यांशीं गोड, परंतु बायकोवर हात टाकणारा. एके रात्रीं ती दोन मुलांना घेऊन माहेरीं श्रीरामपुरास निघून जाते. नवऱ्यावर मारहाणीची फिर्याद होते. कांहीं महिन्यांनीं तोच नवरा न्यायालयापुढें उभा राहतो आणि म्हणतो, "मुलें माझीं आहेत. त्यांच्या आईशीं माझें पटलें नाहीं, हें खरें. पण मुलांना मीं कधीं बोटही लावलें नाहीं. माझीं मुलें मला द्या."

या मागणीला काय उत्तर द्यावें? बायकोला मारणारा मनुष्य चांगला बाप असूं शकतो काय? प्रश्न आज प्रत्येक सुजाण माणसाच्या मनांत सहज उभा राहतो. इतिहास मात्र असें सांगतो कीं, शतकानुशतकें कायद्यानें हा प्रश्न विचारण्याचीच गरज मानली नव्हती. पति म्हणून माणसाचें वर्तन एका कप्प्यांत आणि पिता म्हणून त्याचा हक्क दुसऱ्या कप्प्यांत, अशी ती व्यवस्था होती. या दोन कप्प्यांमधली भिंत कशी उभी होती आणि ती कोणीं व कशी खचवली, याचा वृत्तान्त मोठा उद्बोधक आहे.

जुन्या समाजांत मूल हें आईबापांचें असण्यापेक्षां कुळाचें असे. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायांत बीज आणि क्षेत्र यांची प्रसिद्ध चर्चा आहे. पुरुष हा बीज, स्त्री हें क्षेत्र. मग पीक कोणाचें? शास्त्रकारांचा कल कोणत्याही बाजूस झुको, क्षेत्रानें पिकावर हक्क सांगावा ही कल्पनाच त्या चर्चेंत बसत नव्हती. आपल्याकडे मुलीला सासरीं पाठवतांना "दिल्या घरीं सुखी राहा" असें सांगत. तेथें सुख न लाभलें तर ती फार तर एकटी माहेरीं येई. तिचीं मुलें, विशेषतः मुलगे, सासरच्या कुळाचे म्हणून मागेंच राहत. म्हणजे मार सोसत राहणें किंवा मुलांना मुकणें, एवढे दोनच मार्ग तिच्यापुढें होते. बहुतेक स्त्रिया पहिला मार्ग कां पत्करीत, याचें कोडें पडण्याचें कारण नाहीं.

मुसलमानी कायद्यांत याहून कांहींशी निराळी व्यवस्था होती. त्यांतील हिजानत या तत्त्वाप्रमाणें लहान मुलांचा सांभाळ करण्याचा अधिकार आईचा मानलेला आहे. हनफी पंथांत मुलगा सात वर्षांचा होईपर्यंत आणि मुलगी वयांत येईपर्यंत ती आईपाशीं राहते. परंतु तेथेंही मुलाच्या मालमत्तेचें व पुढील आयुष्याचें पालकत्व पित्याचेंच होतें. आईचा अधिकार संगोपनाचा, पित्याचा अधिकार स्वामित्वाचा, असा हा विभाग होता.

युरोपांत प्राचीन रोमच्या कायद्यानें कुटुंबप्रमुखाला मुलांच्या जीवितावरही सत्ता दिली होती. इंग्लंडचा कायदा इतक्या टोकाला गेला नाहीं, तरी पित्याचा हक्क तेथेंही जवळजवळ निरंकुश होता. त्याचें एक कठोर उदाहरण १८०४ सालचें आहे. द मॅनेव्हिल नांवाच्या एका फ्रेंच गृहस्थाची इंग्रज पत्नी त्याच्या छळाला कंटाळून निघून गेली होती. तिच्याबरोबर आठ महिन्यांचें अंगावर पिणारें मूल होतें. पतीनें तें आईच्या छातीपासून ओढून घेतलें आणि जवळजवळ उघड्या अंगानें, वाईट हवेंत, उघड्या गाडींतून नेलें. आईनें न्यायालयाचे पाय धरले. मुख्य न्यायाधीश लॉर्ड एलनबरो यांनीं निर्णय दिला कीं, कायद्यानें मुलावर पित्याचा अधिकार आहे आणि त्याच्या हातून मुलाला इजा होत असल्याचें दिसत नाहीं. तेव्हां न्यायालय मध्यें पडूं शकत नाहीं. अंगावर पिणाऱ्या मुलाला आईपासून तोडणें ही त्या न्यायालयाच्या लेखीं इजा नव्हती.

या कायद्याला पहिला मोठा हादरा एका लेखिकेनें दिला. कॅरोलाइन नॉर्टन ही नाटककार शेरिडन याची नात. १८२७ सालीं तिचें लग्न जॉर्ज नॉर्टन या बॅरिस्टराशीं झालें. तो तिला मारहाण करी. १८३६ सालीं तिच्या अनुपस्थितींत त्यानें तीनही मुलगे घरांतून हलवले. त्यांतील धाकटा अवघा दोन-अडीच वर्षांचा होता. इतक्यानें भागलें नाहीं. पंतप्रधान लॉर्ड मेलबर्न यांच्याशीं तिचा अनुचित संबंध असल्याचा आरोप करून त्यानें दावा लावला. दावा फेटाळला गेला. परंतु निर्दोष ठरलेल्या आईला मुलें परत मिळालीं नाहींत, कारण तीं मिळवून देणारा कायदाच अस्तित्वांत नव्हता. तेव्हां कॅरोलाइननें लेखणी हातीं घेतली. तिनें पत्रकें लिहून लोकप्रतिनिधींना हा अन्याय समजावून दिला आणि टॅलफर्ड या सभासदाच्या पुढाकारानें १८३९ सालीं बालकांच्या ताब्याचा पहिला कायदा संमत झाला. सात वर्षांखालील मुलांचा ताबा व त्यापुढील मुलांची भेट मागण्याची मुभा आईला मिळाली. मात्र तिच्यावर व्यभिचार शाबीत झालेला नसावा, अशी अट होती. पति मारतो कीं नाहीं, याचा त्यांत उल्लेख नव्हता.

या कायद्याचा लाभ खुद्द कॅरोलाइनला लवकर झाला नाहीं. नॉर्टननें मुलें स्कॉटलंडमध्यें ठेवलीं होतीं आणि तेथें हा कायदा चालत नव्हता. १८४२ सालीं धाकटा विल्यम घोड्यावरून पडून आजारी झाला. आई पोहोंचली तेव्हां तो गेलेला होता. कायदा बदलवणाऱ्या स्त्रीला त्या कायद्याचें फळ असें उशिरा आणि अश्रूंनीं भिजून मिळालें.

मारहाण आणि मुलांचा ताबा या दोन गोष्टी कायद्याच्या एकाच कलमांत एकत्र येण्यास आणखी ३९ वर्षें लागलीं. १८७८ सालीं फ्रान्सिस पॉवर कॉब या बाईंनीं इंग्लंडमधील पत्नीछळावर एक जळजळीत निबंध लिहिला. मजूरवस्त्यांतून नवऱ्यांच्या लाथाबुक्क्यांनीं जायबंदी होणाऱ्या स्त्रियांचीं उदाहरणें त्यांनीं वर्तमानपत्रांतून वेंचून लोकांपुढें ठेवलीं. त्याच वर्षीं वैवाहिक खटल्यांचा नवा कायदा झाला. पत्नीवर गंभीर हल्ला केल्याबद्दल पति दोषी ठरला आणि तिच्या सुरक्षिततेस पुढेंही धोका आहे असें वाटलें, तर दंडाधिकाऱ्यानें तिला विभक्त राहण्याची परवानगी द्यावी, पोटगी ठरवावी आणि दहा वर्षांखालील मुलें तिच्या ताब्यांत द्यावीं, अशी तरतूद झाली. घरांतील हिंसा ही नवराबायकोची खाजगी बाब नसून मुलांच्या प्रश्नाशींही तिचा संबंध आहे, ही कबुली येथें प्रथम मिळाली. त्यानंतर आठ वर्षांनीं, १८८६ च्या कायद्यानें, मुलाचें हित पाहून ताबा ठरवण्याची सत्ता न्यायालयांस दिली.

पण सुधारणेची ही वाट सरळ नव्हती. १८७८ सालींच ॲनी बेझंट यांची मुलगी मेबल न्यायालयाच्या हुकुमानें त्यांच्याकडून काढून घेण्यांत आली. पतीपासून त्या १८७३ सालीं विभक्त झाल्या होत्या. त्यांचा अपराध एवढाच कीं, त्यांनीं नास्तिक मतांचा पुरस्कार केला आणि संततिनियमनावरील एक पुस्तिका छापली. मारणाऱ्या बापाला अयोग्य ठरवण्यास कायदा कचरत होता. विचार करणाऱ्या आईला अयोग्य ठरवण्यास त्याला फारसा वेळ लागला नाहीं. मेबल व तिचा भाऊ दोघेंही मोठेपणीं स्वेच्छेनें आईकडे परत आलीं. मुलांचें मन कोठें होतें, तें त्यांनींच दाखवून दिलें.

हिंदुस्थानांत या सर्व विचारांचें प्रतिबिंब १८९० च्या पालक आणि पाल्य कायद्यांत पडलें. तोच कायदा आजही मूळ चौकट म्हणून लागू आहे. त्याच्या सतराव्या कलमांत फार दूरदर्शी गोष्टी आहेत. पालक नेमतांना मुलाचें वय, लिंग व धर्म, नेमावयाच्या माणसाचें शील आणि योग्यता, तसेंच मूल समजण्याइतकें मोठें असेल तर त्याची इच्छा, हें सारें न्यायाधीशानें पाहावें, असें तें सांगतें. परंतु एकोणिसाव्या कलमांत जुना काळ ठाण मांडून बसला होता. पिता हयात असेल आणि न्यायालयाच्या मतें तो अयोग्य नसेल, तर दुसरा पालक नेमतां येत नाहीं, असा त्याचा आशय होता. तेथें पित्याच्या जोडीला "माता" हा शब्द येण्यास १२० वर्षें जावीं लागलीं. ती दुरुस्ती २०१० सालीं झाली. तोंवर सारा वाद "अयोग्य" या एकाच शब्दाभोंवतीं फिरत राहिला. व्यसनी बाप अयोग्य, वेडा बाप अयोग्य. पण बायकोला मारणारा? तो नवरा म्हणून वाईट असेल, बाप म्हणून त्याचें काय बिघडलें, असा युक्तिवाद तयारच असे.

कायद्याच्या या छायेखालीं आईचें मन कसें कांपत असेल, याची कल्पना नगरच्याच एका सुप्रसिद्ध कुटुंबाच्या कथेवरून येते. कवि नारायण वामन टिळक यांनीं १८९५ सालीं ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि पत्नी लक्ष्मीबाई यांच्याशीं त्यांची ताटातूट झाली. मुलगा दत्तू आईपाशीं राहिला. हें घर मारहाणीनें मोडलें नव्हतें. धर्मांतरानें दुभंगलें होतें. पण कायद्याचा प्रश्न तोच होता. धर्मांतरामुळें मनुष्याचे हक्क जात नाहींत, असें १८५० च्या एकविसाव्या कायद्यानें ठरवलेलें होतें. अर्थात् पित्याचा हक्क टिळकांपाशीं शाबूत होता. मूल आईजवळ राहिलें, तें तिच्या हक्कानें राहिलें असें म्हणतां येत नाहीं. पुढें लक्ष्मीबाई स्वतः नगरास आल्या, १९०० सालीं त्यांनीं बाप्तिस्मा घेतला आणि दुभंगलेला संसार पुन्हां सांधला. आपल्या "स्मृतिचित्रें" या आत्मकथेंत त्यांनीं त्या वर्षांची कहाणी अजरामर करून ठेवली आहे. येथें नवऱ्याच्या मनांत माया होती, म्हणून गोष्ट गोड झाली. जेथें माया नाहीं, तेथें त्याच कायद्याखालीं आईनें कोणाच्या तोंडाकडे पाहावें?

पित्याच्या हक्काची मर्यादा किती, याचा गाजलेला खटला पुढें मद्रासेंत उभा राहिला आणि त्यांत ॲनी बेझंट पुन्हां न्यायालयापुढें आल्या. या वेळीं पालक म्हणून. जे. कृष्णमूर्ति व त्यांचे बंधु यांचे वडील नारायणय्या यांनीं १९१० सालीं मुलांचें पालकत्व त्यांच्याकडे सोंपवलें होतें. नंतर त्यांनीं मुलें परत मागितलीं. मद्रासच्या न्यायालयानें पित्याच्या बाजूनें कौल दिला. पण १९१४ सालीं प्रिव्ही कौन्सिलनें तो फिरवला. पित्याचें पालकत्व हा एक पवित्र विश्वास आहे, तो कायमचा दुसऱ्यास देऊन टाकतां येत नाहीं, हें कौन्सिलनें मान्य केलें. परंतु मुलांच्या इच्छेची दखल घेतली गेली नाहीं, याकडेही बोट दाखवलें. विश्वास या शब्दांत पुढील सारा बदल बीजरूपानें सांठवलेला होता. मालकी असेल तर ती कशीही वापरावी; विश्वास असेल तर तो मोडतांही येतो, आणि मोडला तर जाब द्यावा लागतो.

हें बीज मुंबई इलाख्यांत उगवलेलें १९४१ च्या सुमारास दिसतें. त्या वर्षीं छापल्या गेलेल्या एका निर्णयांत मुंबईच्या उच्च न्यायालयानें स्पष्ट सांगितलें कीं, ताब्याच्या प्रश्नांत पित्याचें हित नव्हे, मातेचेंही नव्हे, तर मुलाचें हित सर्वांत मोठें. आणि आई योग्य असेल तर कोंवळ्या वयाच्या मुलासाठीं तिची जागा भरून काढील असें दुसरें कोणी सांपडणें अशक्य. पुढील पिढ्यांतील वकिलांनीं हा निर्णय वारंवार वाचून दाखवला आहे. १९४६ सालीं हिंदु विवाहित स्त्रियांना विभक्त निवासाचा व पोटगीचा हक्क देणारा कायदा झाला. पतीबरोबर राहणें धोक्याचें व्हावें इतकी क्रूरता असेल, तर पत्नीला वेगळें राहून पोटगी मागतां येऊं लागली. १९४७ सालीं मुंबई प्रांतानें हिंदूंना घटस्फोटाची वाट खुली करून दिली. घर सोडण्याचा हक्क प्रथम मिळाला; मुलांना बरोबर नेण्याचा हक्क त्याच्या मागून येणार होता.

स्वातंत्र्यानंतर १९५५ चा हिंदु विवाह कायदा आणि १९५६ चा हिंदु अज्ञानत्व व पालकत्व कायदा हे दोन मोठे टप्पे आले. दुसऱ्या कायद्याच्या सहाव्या कलमांत नैसर्गिक पालक म्हणून प्रथम पिता व "त्यानंतर" माता असा क्रम ठेवला गेला. मात्र पांच वर्षांखालील मूल सामान्यपणें आईच्या ताब्यांत असावें, अशी जोड दिली. तेराव्या कलमानें मात्र सगळ्यांच्या वर मुलाचें कल्याण नेऊन बसवलें. म्हणजे सहावें कलम जुन्या घराच्या दाराशीं उभें, तर तेरावें नव्या रस्त्यावर. १९७३ सालीं सर्वोच्च न्यायालयानें एका निर्णयांत बजावलें कीं, मुलें हीं आईबापांची मिळकत नव्हेत आणि खेळणींही नव्हेत. १९९९ सालीं लेखिका गीता हरिहरन यांच्या खटल्यांत त्याच न्यायालयानें "त्यानंतर" या शब्दाचा अर्थ पित्याच्या मृत्यूनंतर एवढाच न घेतां, पिता प्रत्यक्षांत मुलाचा भार वाहत नसेल तेव्हां, असा विस्तारला.

तोपर्यंत घरांतील हिंसेलाही कायद्यांत नांव मिळालें होतें. १९८३ सालीं दंडसंहितेंत ४९८ अ हें कलम आलें आणि पतीची व सासरच्यांची क्रूरता हा स्वतंत्र गुन्हा ठरला. १ जुलै २०२४ पासून त्याची जागा भारतीय न्याय संहितेंतील कलमांनीं घेतली आहे. १९८४ सालीं टाटा समाजविज्ञान संस्थेनें मुंबईच्या पोलिस आयुक्तालयांत स्त्रिया व मुलांसाठीं विशेष कक्ष उघडला आणि मार खाल्लेल्या स्त्रीचें म्हणणें ऐकण्यास पोलिसांच्या वास्तूंतच समाजसेविका बसूं लागल्या. त्याच वर्षीं कुटुंब न्यायालयांचा कायदा झाला. महाराष्ट्रांत १९८९ सालीं पुण्यांत व मुंबईत हीं न्यायालयें सुरू झालीं. तेथें न्यायाधीशाच्या जोडीला समुपदेशक असतात आणि मुलाशीं आईबापांच्या गैरहजेरींत बोलण्याची सोय असते.

आतां मूळ प्रश्नाला थेट भिडणारे दोन निर्णय पाहावे. पहिला १९९२ सालचा, गुजरातेंतील कुटुंबाचा. मुलांची आई मरण पावली होती आणि तिच्या छळाबद्दल पित्यावर ४९८ अ खालीं खटला चालूं होता. मुलें मामाकडे वाढत होतीं. पिता नैसर्गिक पालक, म्हणून ताब्याचा त्याचा दावा होता. सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांनीं मुलांशीं स्वतः बोलून पाहिलें. मुलें समजूतदार होतीं आणि तीं पित्याकडे जाण्यास तयार नव्हतीं. ताबा मामाकडेच राहिला. दुसरा निर्णय २००८ सालचा, कोलकात्याचा. तेथेंही आई गेलेली, पित्यावर छळाचा व हुंडाबळीचा खटला चालूं, आणि मुलगा आजोळीं. खालच्या न्यायालयांनीं मुलगा पित्याला दिला होता. सर्वोच्च न्यायालयानें तो निर्णय रद्द केला. आरोप अद्याप शाबीत झालेला नाहीं, एवढ्यावरून तो डोळ्यांआड करतां येत नाहीं. पालकाचें शील पाहण्याची आज्ञा सतरावें कलम देतें, तेव्हां असल्या गंभीर खटल्याचा विचार झालाच पाहिजे, असा त्याचा मथितार्थ होता. १८९० सालीं लिहिलेल्या "शील" या शब्दाला ११८ वर्षांनीं त्याचा पुरा अर्थ लाभला.

या दोहोंच्या मध्यें २००५ सालचा कौटुंबिक हिंसाचारापासून स्त्रियांना संरक्षण देणारा कायदा येतो. तो २६ ऑक्टोबर २००६ पासून अंमलांत आला. त्याच्या एकविसाव्या कलमाप्रमाणें अर्जाच्या कोणत्याही टप्प्यावर दंडाधिकारी मुलांचा तात्पुरता ताबा पीडित स्त्रीला देऊं शकतो आणि पित्याच्या भेटीची व्यवस्था ठरवूं शकतो. ती भेट मुलाच्या हिताला बाधक होईल असें त्याचें मत झालें, तर त्यानें ती नाकारलीच पाहिजे. येथें कायदा "नाकारूं शकेल" असें म्हणत नाहीं, "नाकारील" असें म्हणतो. १८०४ सालीं ज्या इजेकडे न्यायालयानें पाठ फिरवली, ती ओळखण्याचें कर्तव्य आतां न्यायाधीशाच्या शिरावर आलें.

इतर देशांनींही हा पल्ला मोठी किंमत देऊन गांठला आहे. न्यूझीलंडमध्यें १९९४ सालीं एका पित्यानें, पत्नीला मारहाण करीत असतांही ताबा मिळालेल्या आपल्या तीन मुलींचा जीव घेतला आणि स्वतःचाही अंत केला. तो देश हादरला. दुसऱ्याच वर्षीं तेथें कायदा झाला कीं, हिंसा शाबीत झालेल्या पालकाला, मूल त्याच्यापाशीं सुरक्षित राहील अशी न्यायालयाची खात्री पटल्यावांचून ताबा किंवा देखरेखीशिवाय भेट मिळूं नये. पुराव्याचें ओझें फिरलें. पूर्वीं आईनें धोका सिद्ध करावयाचा होता; आतां मारणाऱ्यानें निर्धोकपणा दाखवावयाचा होता. भारतांत असा ठाम नियम अद्याप कायद्याच्या पुस्तकांत नाहीं. येथें प्रत्येक खटला त्याच्या गुणदोषांवर तोलला जातो आणि तोलणाऱ्या न्यायाधीशाच्या विवेकावर फार मोठी भिस्त राहते.

म्हणून न्यायाला येथें दोन्ही बाजूंनीं सावध राहावें लागतें. गुन्ह्याची नोंद म्हणजे काय, हेंच आधीं नीट समजावून घेतलें पाहिजे. दोषी ठरणें वेगळें, खटला चालूं असणें वेगळें, संरक्षणाचा हुकूम असणें वेगळें आणि नुसती तक्रार असणें वेगळें. फौजदारी न्यायालयास संशयातीत पुरावा लागतो. पालकत्वाच्या अर्जांत संभवाचें पारडें कोणीकडे झुकतें तें पाहतात. त्यामुळें एका ठिकाणीं सुटलेल्या माणसाचें वर्तन दुसऱ्या ठिकाणीं तपासलें जाऊं शकतें. आणि त्याचप्रमाणें केवळ फिर्याद झाली म्हणून कोणाचें पितृत्व संपत नाहीं. भारतानें १९९२ सालीं मान्य केलेल्या बालहक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारांतही दोन्ही पालकांशीं संबंध राखण्याचा हक्क मुलाला दिला आहे. अपवाद एकच, तो संबंध मुलाच्या हिताविरुद्ध असेल तेव्हां. हाच दंडक मारणाऱ्या आईलाही लागतो. कायद्याची कसोटी स्त्री कीं पुरुष ही नसून, मूल कोणापाशीं निर्भय राहील, ही आहे.

आतां नागापूरच्या त्या कल्पित पित्याकडे परत वळूं. कायदा त्याला दार लावून घेत नाहीं. पाल्याचा अर्ज मूल सामान्यतः जेथें राहतें तेथील जिल्हा न्यायालयाच्या कक्षेंत येतो; श्रीरामपूर आणि नागापूर एकाच जिल्ह्यांत असल्यामुळें त्याचा अर्ज त्याच जिल्ह्यांत ऐकला जाईल. मुलांच्या आईला जेथें तिचा आसरा आहे तेथील दंडाधिकाऱ्याकडे संरक्षण मागतां येईल. "मुलांना मीं बोटही लावलें नाहीं," हें त्याचें वाक्य न्यायाधीश ऐकून घेईल. पण तेवढ्यावर थांबणार नाहीं. भिंतीपलीकडून आईचा आक्रोश ऐकत झोंपीं गेलेल्या मुलाला बोट लागलें नाहीं असें म्हणतां येईल काय, हा प्रश्न तो स्वतःला विचारील. त्यानंतर तो पुढील वर्तन पाहील: न्यायालयाचे हुकूम यानें पाळले काय, पोटगी वेळेवर भरली काय, दारूसारखें मूळ कारण असेल तर उपचार घेतले काय, देखरेखीखालील भेटींना वेळेवर येऊन शांतपणें वागला काय, आणि मुख्य म्हणजे, झालेल्या गोष्टीची जबाबदारी स्वतःकडे घेतली कीं अजूनही ती बायकोच्याच पदरांत टाकतो? या प्रश्नांचीं उत्तरें चांगलीं असतील तर आधीं थोडा वेळ, मग अधिक वेळ, अशी वाट उघडत जाऊं शकते. तीं वाईट असतील, तर नुसतें बापपण त्याच्या कामास येणार नाहीं.

दोनशें वर्षांच्या या प्रवासाचें सार एवढेंच आहे. मूल ही पूर्वीं बापाची मालमत्ता होती, मग आईबापांमधील तंट्याचा विषय झाली, आणि शेवटीं तें स्वतः एक माणूस आहे, हें कायद्याला उमगलें. कॅरोलाइन नॉर्टनला तिच्या विल्यमच्या उशाशीं वेळेवर पोहोंचतां आलें नाहीं. आज जी आई रात्रीच्या गाडीनें मुलांसह माहेरीं येते, तिला दुसऱ्या दिवशीं सकाळीं ठोठावण्यास एक दार आहे, आणि त्या दारामागें बसलेल्याला मुलाचें म्हणणें ऐकून घ्यावें लागतें. कायद्यानें एवढें दिलें आहे. उरलेलें काम शेजाऱ्यांचें, नातलगांचें आणि गांवाचें आहे. भिंतीपलीकडचा आवाज ऐकूं येत असतां "तो त्यांच्या घरचा प्रश्न" असें म्हणणें समाज जोंवर सोडीत नाहीं, तोंवर तें दार गांठण्यास अनेक मुलांना उशीरच होत राहील.